नामाने निवडलेली बारीक काठी

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी काठी आहे. माझ्या आधाराने कडावची मुले बांबूउडी मारत.

मी कळंबजवळच्या बांबूच्या बेटात वाढले. सहासष्ट सालच्या हिवाळ्यात नामा तिथे आला. तो अकरावीत होता, म्हणजे शाळेचे शेवटचे वर्ष. तालुक्याच्या स्पर्धेत पहिला आला तरच त्याला अलिबागला जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरता येणार होते.

उडीसाठी एक काठी त्याच्याकडे आधीच होती. त्याचे काका सहदेव जत्रेत देवाची काठी नाचवत. काठी जितकी जाड तितका मान, हे त्यांच्या मनात पक्के होते. त्यांनी पुतण्यासाठी मुठीत न मावणारा बांबू तोडला आणि हळदकुंकू लावून दिला. पण नामा सडपातळ. तो बांबू त्याच्या वजनाने जरासुद्धा वाकत नसे. अर्धा वर नेऊन त्याला पुन्हा मागेच टाकत असे.

म्हणून बेटातला एकेक बांबू नामाने वाकवून पाहिला. काही वाकलेलेच राहिले, काही वाकलेच नाहीत. मी वाकले आणि लगेच सरळ झाले. त्याने मला सावलीत आडवे ठेवून सुकवले. माझ्यावर त्याला काकांच्या बांबूपेक्षा वीतभर वर पकड घेता येऊ लागली, आणि उडीही तेवढी उंच जाऊ लागली.

तालुक्याच्या स्पर्धेत, कर्जतच्या मैदानावर, मात्र त्याने काकांचाच बांबू उचलला. शेवटच्या उंचीवर दोन उड्या फुकट गेल्या. एकच उरली. तेव्हा त्याने मला हातात घेतले.

"ही कशाला रं? म्हशी हाकाय?" काकांनी विचारले. मुले हसली.

"काका, तुमची काठी भारी माणसाची हाय. मला ती वाकत नाय. मी रोज हिच्यावरच उडतो."

"मंग आज माजी का घेतलीस?"

"तुमी बगाय येणार होतात."

काकांनी मला जमिनीवर टेकवून दाबून पाहिले. मी वाकले, सरळ झाले.

"येडा रं तू! मी तुला बगाय आलो, काठीला नाय. जा, उड."

नामा धावला. खड्ड्यात माझे टोक रुतले, त्याचे सारे वजन माझ्यावर आले. त्याने धावून मिळवलेला जोर मी क्षणभर अंगात धरला आणि परत त्यालाच दिला. तो आडव्या पट्टीपलीकडे उतरला. पट्टी हललीसुद्धा नाही.

मी मागे कोसळत होते. काका धावले आणि त्यांनी मला वरच्या वर झेलले. जत्रेत देवाची काठी जमिनीवर पडू देत नाहीत. त्यांनी मलाही पडू दिले नाही. अलिबागला जाताना एस.टी.च्या टपावर त्यांनीच मला बांधले.

आता माझ्या एका पेराला भेग आहे. मला उडीसाठी वापरू नका. पण मित्रांनो, माझ्यासारखी दुसरी निवडाल तेव्हा तिच्या जाडीवर जाऊ नका. आपल्या वजनाला वाकून सरळ होते का, ते पाहा. तिला भिंतीला तिरकी टेकवू नका, ओलीत टाकू नका, उडण्याआधी तिच्या पेरांवरून बोट फिरवा. माझ्यावरून नामाचे बोट रोज फिरे. इतक्या काळजीने कुणी आपल्याला हाताळावे, याहून अधिक एका बांबूला काय हवे असते?