अंगाईच्या पानावरचा बेडूक

“थांबा हं भावोजी, घसा साफ करून घेते,” वहिनी म्हणाली होती आणि मायक्रोफोनपाशीच खाकरली होती. मग डोळे मिटून तिने अंगाई म्हटली. पाळणा झुलावा तसा तिचा आवाज खोलीभर झुलत राहिला.

तिच्या दिराला मुलांच्या वेबसाइटसाठी एक पान करायचं होतं. तळं, चंद्र, काठावर बेडूक. चंद्रावर क्लिक केलं की तो डोळे मिटणार आणि अंगाई लागणार. पण तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून थेंबाथेंबाने यायचं. “हे पान उघडेपर्यंत पोरं झोपतील, अंगाई हवी कशाला?” साहेब म्हणाले. त्याने गाणं कापलं. उरलं ते खाकरणं. ते गंमत म्हणून बेडकाला लावलं. क्लिक केलं की बेडूक गाल फुगवून खाकरायचा. अख्खं ऑफिस पोट धरून हसलं. सगळ्यात आधी तोच हसला. गाण्याच्या टेपवर पुढे कुठलीशी जाहिरात भरली गेली.

वहिनी मात्र येईल त्याला सांगायची, “भावोजींच्या कॉम्प्युटरात मी गाते.” ऐकवा म्हणाली, की हा म्हणे, “इथे प्लगइन नाहीये, वहिनी.” पुढे ब्राउझरांनी अशी पानं चालवणारी ती प्लगइन्स कायमचीच बंद केली. बरोबरचे हळहळले, त्यांची हलती-बोलती चित्रं मुकी झाली होती. याला मात्र सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्याचीच लाज वाटली.

आज पुतणीने तसली जुनी पानं चालवणारा प्रोग्राम शोधून आणला. “काका, फाइल तुमच्याच सीडीत सापडली!” पडद्यावर तळं उमटलं. वहिनीने चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढली.

तिने चंद्रावर क्लिक केलं. चंद्राने डोळे मिटले. बस्स.

“गाणं लागत नाही गं.”

“जुनं आहे ना आई, आवाज गेला असेल त्यातला.”

सबब आयती त्याच्या हातात आली होती. नुसती मान हलवायची होती.

वहिनीने बेडकावर क्लिक केलं. बेडूक खाकरला.

“अगंबाई, आवाज तर येतोय! मेला खाकरतो कसा बघा!” ती खुदकन हसली, पुन्हा क्लिक केलं. “थांबा हं, आता गाईल. घसा साफ करतोय.”

त्याने माऊसवरचा तिचा हात धरला.

“वहिनी, तो नाही गाणार. ते खाकरणं तुमचं आहे. गाणं मी तेव्हाच कापून टाकलं, आणि तुमचं खाकरणं बेडकाला लावून आम्ही सगळे हसलो.”