डिस्क खराब न्हाय

इन्स्टॉलेशन पुन्हा मध्येच थांबलं, तसा शिवलीलानं माउस टेबलावर आपटला. पडद्यावर तीच सूचना: फाइल वाचता येत नाही, डिस्क किंवा ड्राइव्ह तपासा.

माकणीजवळच्या एका हायस्कूलात ती कंत्राटी कॉम्प्युटर शिक्षिका होती. लॅबमधली मशीनं जुनी. त्यांच्यातलं विंडोज कधीच बंद पडलं होतं आणि नवीन विंडोज त्यांना झेपत नव्हतं. म्हणून तिनं हलकं लिनक्स टाकायचं ठरवलं. पण ही मशीनं पेनड्राइव्हवरून सुरूच होत नव्हती, आणि चालता डीव्हीडी ड्राइव्ह सगळ्या लॅबमध्ये फक्त तिच्या टेबलावरच्या मशीनला होता. बाकीच्यांचे कुणी काढून नेले, ते कुणी सांगत नव्हतं. आधी या मशीनवर लिनक्स टाकायचं, मग हाच ड्राइव्ह एकेका मशीनला जोडत जायचं, असा तिचा बेत. पण पहिल्याच मशीनवर सगळं अडलं होतं.

मुख्याध्यापक महालिंगप्पा सर दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, कशाला जीव काढताय? उद्या टेम्पो येतोय. भंगारवाल्याशी बोलणं झालंय. खोली रिकामी झाली की पोषण आहाराची पोती तरी ठेवता येतील."

"उद्या? सर, तुम्ही आठवडाभर थांबतो म्हणाला होता!"

"म्हणालो होतो. तुमच्यानं होत न्हाय, त्याला मी काय करू?"

ते गेले. शिवलीलाचं डोकं तापलं. नववीच्या पोरी तिच्या तासाला फळ्यावर काढलेला कीबोर्ड बघून टायपिंग शिकत होत्या, आणि या माणसाला पोत्यांची काळजी. तिनं फोन उचलला आणि थोरल्या भावाला लावला. नंदीशचं लोहाऱ्यात कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान होतं. डिस्क त्यानंच बनवून दिली होती.

"अण्णा, कसली डिस्क दिलीस? दर वेळी मध्येच अडकतीय."

"डिस्क खराब न्हाय," नंदीश म्हणाला. "तुला जमत नसंल."

"मला जमत न्हाय? गिऱ्हाइकाला असंच बोलतोस का?"

"गिऱ्हाईक दुकानात येतंय. तू घरबसल्या हुकूम सोडतीस."

"मग ये उद्या, आणि दाखव चालवून. नाहीतर तुझी डिस्क टाकाऊ होती म्हणून सगळ्या स्टाफपुढं सांगीन!"

तिनं फोन कट केला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच नंदीश आला. सोबत लॅपटॉप आणि दुकानातला एक ड्राइव्ह. चहा विचारला तर मान हलवूनच नको म्हणाला. त्यानं तिची डिस्क लॅपटॉपमध्ये घातली आणि तपासणी लावली. सगळ्या फाइली ठीक निघाल्या.

"बघ. कुणाची डिस्क टाकाऊ?"

कालचं फोनवरचं बोलणं आठवून शिवलीलाचे कान तापले, पण माफी काही तोंडातून निघेना.

"मग ड्राइव्ह गेला असंल," ती म्हणाली.

नंदीशनं मशीनचं कॅबिनेट उघडलं, आतली धूळ फुंकली, जुना ड्राइव्ह काढून आपला बसवला, केबलही बदलली. इन्स्टॉलेशन सुरू झालं. दोघंही पडद्यासमोर उभे. अर्ध्याच्या पुढं गेलं, आणि थांबलं. तीच सूचना.

नंदीशनं स्क्रूड्रायव्हर टेबलावर टाकला. "मशीनच भंगार आहे. तुझे सर बरोबर बोलतात. दे सोडून."

"सोडून दे, सोडून दे! जन्मभर हेच ऐकलं. लातूरला कॉलेजात जायचं म्हणलं, तर अप्पा म्हणले, सोडून दे, नंदीशला पाठवायचंय. तू तिथं काय शिकलास? सोडून द्यायला?"

नंदीशचा चेहरा उतरला. "ते आत्ता कशाला काढतीस?"

"तू सोडून दे म्हणालास म्हणून."

ती पुन्हा खुर्चीत बसली. तिनं फोनमध्ये काढून ठेवलेले आधीच्या खेपांच्या सूचनांचे फोटो उघडले. परवा एका फाइलीवर अडकलं होतं. काल दुसऱ्याच. आज आणखी तिसऱ्याच.

"अण्णा," ती सावकाश म्हणाली, "डिस्कला चरा असता तर दर वेळी एकाच जागी अडकलं असतं. हे रोज नव्या जागी अडकतंय. आणि ड्राइव्ह तर तू बदललास."

नंदीश वाकून फोटो बघू लागला. "मग राहिलं काय?"

"रॅम. वाचताना बरोबर येतंय, पण मेमरीत ठेवल्यावर बिघडतंय. आणि पडद्यावर नाव डिस्कचं."

डिस्कच्याच मेनूत मेमरी तपासायची सोय होती. तिनं ती लावली. थोड्याच वेळात पडदा लाल ओळींनी भरत गेला. नंदीशनं मशीन बंद करून दोन्ही रॅम काढल्या, एकेक लावून पाहिली. एकीवर लाल ओळी, दुसरीवर एकही नाही. खराब रॅम त्यानं बाजूला ठेवली आणि इन्स्टॉलेशन पुन्हा सुरू केलं.

तेवढ्यात मैदानात टेम्पो शिरला. दोन हमाल महालिंगप्पा सरांच्या मागून लॅबमध्ये आले आणि दाराजवळचं मशीन उचलू लागले.

"ठेवा ते खाली!" शिवलीला ओरडली.

"मॅडम, आवाज कमी," सर म्हणाले. "पोरी ऐकतायत."

"ऐकू द्या. त्यांचीच लॅब आहे. इन्स्टॉलेशन चालू आहे, ते पूर्ण होईपर्यंत इथली एक वायरसुद्धा हलणार न्हाय."

"हे कोण ठरवणार? तुम्ही कंत्राटी आहात, विसरू नका."

"विसरले न्हाय. मला काढायचं तर काढा. पण आज मशीनं जाणार न्हाईत."

ती दारात आडवी उभी राहिली. सरांनी नंदीशकडं पाहिलं. "तुम्ही तरी समजवा हिला."

नंदीश पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "सर, मशीन चांगलं आहे. मला वाटलं होतं भंगार. माझं चुकलं."

पडद्यावर इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्याचा संदेश आला. शिवलीलानं डिस्क काढून मशीन पुन्हा सुरू केलं. निळसर डेस्कटॉप उघडला. तिनं मराठी कीबोर्ड लावला आणि खिडकीतून डोकावणाऱ्या एका पोरीला आत बोलावलं. पोरीनं बिचकत एका बोटानं स्वतःचं नाव टाइप केलं: गजराबाई. आजीचं नाव ठेवलं होतं तिला. बाहेरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

महालिंगप्पा सरांनी घसा खाकरला. "ठीक आहे. दिवाळीपर्यंत बघू. बाकीची चालली न्हाईत तर तुमची जबाबदारी." ते हमालांना घेऊन निघून गेले. जाताना हमालांनी व्हरांड्यातले दोन बंद मॉनिटर तेवढे उचलले. शिवलीलाला ते टेम्पो निघाल्यावर कळलं, आणि तिचा संताप पुन्हा उसळला.

नंदीश दुसरं कॅबिनेट उघडत होता. "रॅमचं तुला कसं सुचलं? शिकलीस कुठं?"

"तुझ्या पुस्तकांतून. लातूरहून परत आणलेली. तू उघडलीसुद्धा नव्हतीस."

तो खाली मान घालून स्क्रू काढत राहिला. शिवलीलाचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो एवढ्यात उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. तिनं ड्राइव्हची केबल त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "नीट बसव."