दे की घे

त्या डोंगराला होडीवाले खडूस म्हणायचे. चारी बाजूंनी उभा कातळ, पायथ्याशी समुद्र, आणि वाट नावाची गोष्टच नाही. होडीतून खडकावर उडी मारायची आणि तिथूनच चढायला लागायचं. दादा दोनदा गेला होता, दोनदा तोंड पाडून परत आला होता.

यंदा त्याचा गुडघा कुरकुरायला लागला होता. पंक्चरच्या दुकानात चाक उचलताना तो हळूच भिंत धरायचा. कुणाचं लक्ष नाही असं त्याला वाटायचं. पण घरात सगळ्यांना कळलं होतं, आता नाही तर कधीच नाही.

"भाऊजी, तुम्ही बरोबर आहात म्हणून पाठवतेय," वहिनी डबा भरताना म्हणाली. "हे कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही तरी ह्यांचं सगळं ऐकू नका."

"नाही ऐकत," दादाचा धाकटा भाऊ म्हणाला. "परत आणतो."

दोर धरायला त्याला दादानंच शिकवलं होतं, गावामागच्या बंद पडलेल्या दगडखाणीत. शब्द दोनच. वरच्याला पुढं सरकायला दोर हवा असला की "दे". हात सुटतोय असं वाटलं की "घे", म्हणजे ओढ आणि गच्च धर. खाणीत पाखरू फडफडलं तरी ऐकू यायचं. दोन शब्द पुरून उरायचे.

धाकट्याची एक खोड होती. भीतीपोटी तो दोर कायम ताणून धरायचा.

"अरे, मी चढतोय की तू मला दावणीला बांधलंयस?" दादा वरून ओरडायचा. "दे की जरा."

खडूसवर सकाळ बरी गेली. मग लाटा वाढल्या. कपारीत पाणी शिरलं की तोफ उडाल्यासारखं व्हायचं. धाकटा खालच्या कट्ट्यावर दोर धरून उभा होता; दादा कातळाच्या फुगवट्यापलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. दोर थोडा थोडा वर सरकत होता. मग थांबला.

वरून आवाज आला. "एऽ."

"काय?" धाकटा ओरडला.

"एऽ."

शब्दाचं डोकं लाटेनं खाल्लं होतं, शेपूट तेवढं खाली आलं होतं. दे की घे? खाणीत हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्याचे हात सवयीनं आवळले. मग त्याला ती दावण आठवली. दादा वर अडकून आपल्याला शिव्या घालत असणार. त्यानं हात सैल केले. भरपूर दोर दिला, आयुष्यात पहिल्यांदाच.

दोर वर गेला नाही. तसाच लोंबत राहिला. तेवढ्यात दादा फुगवट्यावरून खाली कोसळला. चढताना त्यानं कातळात मधे ठोकलेल्या खिळ्यानं त्याला धरलं, पण सगळा सैल दोर संपल्यावर. तोवर पाठ कातळावर आदळली होती.

धाकट्यानं त्याला आपल्या कट्ट्यावर ओढून घेतलं. पाय हलत नव्हते. तोंडातून फेसाळ रक्त येत होतं. होडी संध्याकाळी येणार होती.

"दादा, तू काय म्हणालास मघाशी?"

दादानं नजर पाण्याकडे वळवली. "दे म्हणालो."

"खरं सांग."

"दे म्हणालो रे. तू दिलास. झालं."

दादाच्या बोटांची टोकं सोलून निघाली होती. पुढं सरकणाऱ्याची बोटं अशी होत नाहीत. सुटत असताना धरून राहणाऱ्याची होतात.

"वहिनीलाही हेच सांग," दादा म्हणाला. "मी दे म्हणालो, आणि तू माझं ऐकलंस."

ऊन कलायच्या आत त्याचा श्वास थांबला.

संध्याकाळी होडी आली. धाकट्यानं दादाला दोराला नीट बांधलं आणि हळूहळू खाली सोडायला लागला. दादा अर्ध्यावर गेल्यावर धाकट्याचे हात अडकले.

"दे," होडीवाला खालून म्हणाला. "दे अजून थोडा."

ओहोटी लागली होती. समुद्र निपचित पडला होता. शब्द अगदी स्वच्छ ऐकू आला. धाकट्याची मूठ काही उघडेना.