वाळूच्या पट्ट्यावरून दिसलेली विमानं

आटलेल्या तलावात उतरताना मिरजगावचा माणूस दोनदा विचार करत नाही. उन्हाळ्यात पाझर तलावाचं पाणी मागं सरकलं की गुरं, सायकली, लग्नाची वऱ्हाडं, सगळी त्या उघड्या पडलेल्या तळावरून जातात. गेलेलं पाणी पावसाळ्यापर्यंत काही परत येत नाही. भारतीनंही तोच विचार केला. फक्त तिच्यासमोर तलाव नव्हता, समुद्र होता, आणि ती ढकलत होती त्या खुर्चीत तिचे वडील बसले होते.

सत्त्याण्णव सालचा डिसेंबर होता. भाऊ नितीन, आई विमलबाई, भारती आणि आबा असं अख्खं घर नितीनच्या टेम्पोतून दोन दिवसांसाठी कोकणात आलं होतं. त्याला कारण आबांचा हट्ट. हवाई दलाची सहा विमानं किनाऱ्यावर कसरती करणार असल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं. आबांनी, म्हणजे जालिंदर मेकॅनिकनं, एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं इंजिनं खोलली आणि परत जुळवली. दीड वर्षापूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली. तेव्हा वर्कशॉपमधल्या दोस्तांनी त्यांना खुर्ची करून दिली. मागं सायकलची दोन मोठी चाकं, पुढं दवाखान्यातल्या स्ट्रेचरची दोन बारकी.

"डिझेलचं इंजन झालं, पेट्रोलचं झालं," आबा म्हणाले होते, "ह्ये जेटचं कवा ऐकायचं? वर गेल्यावर?"

"वर जायची भाषा करायची न्हाई," असं म्हणून विमलबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी त्यांच्या कमरेभोवती गुंडाळून खुर्चीच्या पाठीमागं करकचून गाठ मारली. घाटात आबा डावीकडं कलायचे, म्हणून.

किनाऱ्यावर पोचल्यावर पहिली अडचण आली ती कोरड्या वाळूची. चाकं वीतभर रुतत होती. नितीन आणि भारती, दोघांनी घाम गाळून खुर्ची वीस पावलं नेली. पुढं माणसंच माणसं. उभ्या माणसाला आभाळ दिसत होतं, पण बसलेल्या आबांना दिसत होत्या फक्त लोकांच्या पाठी.

"ह्या पाठीच बघायच्या असत्या तर कर्जतच्या बाजारात गेलो असतो की," आबा म्हणाले.

भारतीची नजर खाली गेली. ओहोटीनं उघडी पडलेली वाळू गडद आणि सपाट होती, डांबरी रस्त्यासारखी टणक. तिथं चाक रुतणार नव्हतं. ती फिजिक्सची बीएस्सी होती, अंदाजावर काही करायची तिला सवय नव्हती. जिथं उतरले होते त्या घरच्या बाईला तिनं सकाळीच विचारून ठेवलं होतं: आज दीडला पूर्ण ओहोटी, संध्याकाळी साडेसातला पूर्ण भरती. कोरड्या वाळूपासून पाण्यापर्यंतचं अंतर तिनं पावलांनी मोजलं, चारशे भरलं. कार्यक्रम तीनला होता, साडेतीनला संपणार. सहा तासांत चारशे पावलं, म्हणजे दोन तासांत एकशेतेहतीस. खुर्ची दोनशे पावलांवर लावली तर तोवर पाणी जवळसुद्धा येत नाही.

"मी आईपाशी थांबतो," नितीन म्हणाला. विमलबाई पाण्याला भिऊन सुरूच्या झाडांमागं टेम्पोतच बसून राहिल्या होत्या. "तुमी हिशोब केलाय म्हंजे बरोबरच असनार, मॅडम."

वाटेत एक चर लागली. किनाऱ्याला समांतर गेलेली, घोटाभर पाण्याची, दहा-बारा पावलं रुंद. खुर्ची त्यातून सहज पलीकडं गेली. चरीपलीकडं वाळूचा पट्टा थोडा उंच होता. आबांच्या समोर आता कुणीच नव्हतं. नुसतं आभाळ.

तीन वाजले, विमानं आली नाहीत. लाउडस्पीकरवरून काहीतरी सांगत होते, ते वाऱ्यात विरून जात होतं. साडेतीन झाले. परत जावं का, असं भारतीच्या मनात आलं. पण आबा मान वर करून असे बसले होते की तिला ते तोंडातून काढवेना. पाण्याची कड अजून पुढं लांब होती. ती फक्त पुढंच पाहत होती.

चारला दोन मिनिटं असताना विमानं आली.

आधी दिसली, मग ऐकू आली. उजवीकडून सहा ठिपके बाणाच्या टोकासारखे आले, एका अंगावर कलले आणि डोक्यावरून गेल्यावर त्यांचा आवाज अंगावर पडला. खुर्चीचा पत्रा थरथरला. आबांनी उजवा हात छातीवर ठेवला.

"ऐकलंस का? ह्यात ठोकाच न्हाई! आपल्या इंजनाला ठोका असतो. ह्ये सरळ एकच सूर."

सहाही विमानं उभी वर चढली आणि फुलासारखी सहा बाजूंना फुटली. मागं पांढरा धूर.

"धूर मारतंय," आबा म्हणाले. "नोजल साफ करायला पायजे." आणि स्वतःच्याच विनोदावर ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. दीड वर्षात ते असे हसले नव्हते. भारती त्यांच्या तोंडाकडंच बघत राहिली.

टाचेला गार लागलं तेव्हा ती वळली.

पाणी पुढून आलंच नव्हतं. मागं, त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये, घोटाभर पाण्याच्या चरीची तीस-चाळीस पावलं रुंद खाडी झाली होती. पट्टा उंच, चर खोल. पाणी कडेनं वळसा घेऊन आधी चरीत शिरलं होतं. त्यातून भरती काही एकाच वेगानं चढत नाही. सुरुवातीला हळू, मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात, शेवटी परत हळू. त्याच वक्राचं गणित सोडवून तिनं परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आणि इथं तिनं सरळ भागाकार केला होता.

"आबा, चला."

"थांब की, आत्ता कुठं..."

"चला!"

तिनं खुर्ची फिरवून चरीत घातली. पाणी तिच्या गुडघ्यांवर आलं, मग मांड्यांवर. आबा मांडीपर्यंत भिजले. मध्यावर पुढची बारकी चाकं खचकन रुतली. तिनं ढकललं, ती आणखी रुतली. पुढं जाऊन ओढलं. खुर्ची जागची हलेना, आणि प्रत्येक लाटेसरशी चाकांखालची वाळू निघून जाऊन ती डावीकडं कलत चालली.

"नितीन! ए नितीन! धावा! कुणीतरी या!"

डोक्यावरून विमानं गेली. तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही. तिनं दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. किनाऱ्यावर शंभर-सव्वाशे पावलांवर हजारभर माणसं होती. त्यातल्या एका बाईनं तिला पाहिलं. त्या बाईनं हात हलवला. शेजारच्या पोरींनीही हलवले, हसत, उड्या मारत. मग त्या सगळ्या परत वर बघायला लागल्या.

पाणी आबांच्या पोटाला लागलं.

आबांना काढायला हवं होतं, पण आईची गाठ मागं होती, पाण्याखाली. भिजलेलं लुगडं आवळून दगड झालं होतं. भारतीनं नखं घातली, एक नख मुळापासून निघालं. श्वास रोखून ती खाली गेली आणि दातांनी गाठ धरली. खारं पाणी नाकात शिरलं. खोकत वर आली, परत खाली गेली.

"भारते," आबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, वर्कशॉपमध्ये पाना मागावा तसा. "तू जा. नितीनला घिऊन ये."

"तोवर तुम्ही राहणार नाही."

"मंग न्हाई ऱ्हानार. तू जा."

"गप बसा!" जन्मात पहिल्यांदा ती त्यांच्यावर ओरडली. "मी आणलंय, मीच नेणार!"

"सत्तर किलोचा गडी हाय मी. उचलशील व्हय?"

चौथ्या बुडीत गाठीचा एक पदर सैल झाला. पाचव्या बुडीत तो सुटला. तिनं आबांना काखेत धरून ओढलं. ते हलले नाहीत. पाणी अजून त्यांच्या पोटापर्यंतच होतं, निम्म्याहून जास्त वजन पाण्याबाहेर होतं, आणि तेवढं तिच्यानं उचलणं शक्य नव्हतं. एवढं तिला लख्ख कळलं, आणि त्यातून पुढचंही कळलं. पाणी छातीशी येईपर्यंत थांबायचं. मग पाणीच त्यांना उचलेल.

म्हणजे ज्या पाण्यापासून पळायचं, त्याचीच वाट बघायची. ती खुर्चीमागं उभी राहिली, आबांचं डोकं आपल्या पोटाशी धरून, कलती खुर्ची गुडघ्यानं अडवून. आबा सगळे थरथरत होते. वर दोन विमानं एकमेकांवर चाल करून आली, आता आदळणार असं वाटेपर्यंत आली आणि बोटभर फटीतून निघून गेली. किनाऱ्यावर टाळ्या झाल्याचं दिसलं.

पाणी काखेशी आलं. एक लाट आबांच्या तोंडावरून गेली.

"आता. अंग सोडा, आबा. पाठीवर पडा."

आबा ताठ झाले. उजव्या हातानं त्यांनी तिची ओढणी धरली आणि तिचा गळा आवळला गेला. ती विहिरीत पोहायला शिकलेली. विहिरीला लाट नसते, आणि तिथं कुणी गळा धरत नाही.

"अंग सोडा! ताठ राहिलात तर दोघंही जाऊ. कान पाण्यात जाऊ द्या. आभाळाकडं बघा. विमानं बघा!"

आबांनी डोळे वर केले. अंग थोडं सैल पडलं, आणि सत्तर किलोचा माणूस तिच्या हातावर दुधाच्या किटलीएवढा हलका झाला. मागं मागं चालत ती निघाली. दोनदा पायाखालची वाळू सुटली, दोनदा ती बुडाली, एकदा आबाही बुडाले आणि त्यांच्या घशातून घरघर आली. ती पावलं मोजत होती, आणि आकडे चुकत होते.

आबांची पाठ उताराच्या वाळूला टेकली तेव्हा विमानं गेली होती. आभाळात नुसता धूर पसरत होता. तिनं आबांना कुशीवर वळवलं. त्यांनी पाणी ओकलं, खोकले, परत ओकले. श्वास चालू होता. ओठ काळेनिळे पडले होते. ती त्यांच्या मनगटावर बोट ठेवून बसली.

गर्दी पांगायला लागली. "काय आली होती ना समोरासमोर!" असं म्हणत लोक त्यांच्याजवळून जात होते. नितीन आणि विमलबाई लांबून चालत आले.

"भिजवलंस ना त्यांना?" विमलबाई लांबूनच ओरडल्या. "सांगितलं हुतं, पान्यात जाऊ नका! थंडी बाधली म्हंजे? आन् वाळूत कशाला निजवलंय? खुर्ची कुठंय?"

भारतीनं समुद्राकडं हात केला.

विमलबाईंनी तिकडं पाहिलं. तिथं नुसतं पाणी होतं, थेट आभाळापर्यंत सपाट. मग त्यांची नजर भारतीच्या रक्ताळलेल्या बोटांवर गेली, तिच्या गळ्यावरच्या लाल वळावर गेली, आणि त्या होत्या तिथंच मटकन खाली बसल्या.

नितीननं ओढणी सोडवायचा प्रयत्न केला. आबांची मूठ उघडत नव्हती.

"राहू दे," भारती म्हणाली, आणि तशीच, ओढणीचं दुसरं टोक गळ्यात ठेवून, नितीनच्या बरोबरीनं आबांना उचलायला वाकली.