पंक्चरचं पाणी

उन्मेषचं पत्र येऊन नऊ महिने झाले, पण भास्कररावांनी त्याला एका ओळीचंही उत्तर दिलं नव्हतं. उन्मेष लांज्याच्या शाळेत मास्तर. फोनवर भास्कररावांच्या तोंडून हो-नाहीपलीकडे काही निघत नाही हे ठाऊक असल्याने त्याने मुद्दाम पत्र लिहिलं होतं. 'त्या दिवशी सड्याच्या उघड्या कातळावर तुम्ही तुमचं शेवटचं पाणी माझ्या डोक्यावर ओतलंत, म्हणून मी आहे. माझं पाणी मी आधीच संपवलं, चूक माझीच. फेब्रुवारीत आमच्या आठ शिक्षकांना सायकलींवर त्याच वाटेने नेणार आहे. तुमची पाण्याची आणि सामानाची यादी लिहून पाठवा. तीच सगळ्यांना देतो.'

आता फेब्रुवारी उजाडला होता. पुढच्या रविवारी ती मंडळी निघणार होती.

मिरजोळ्यातल्या घराच्या पडवीत भास्करराव सकाळपासून सायकलीवर सामान बांधत होते आणि सोडत होते. पाठीवर अडकवून नळीने पाणी प्यायची पिशवी भरली, वजनकाट्यावर ठेवली, रिकामी केली, पुन्हा भरली.

"अहो, ती पिशवी भिजून मऊ पडली आता," उमाताई म्हणाल्या. "काल उन्मेषचा माझ्या फोनवर निरोप आलाय. यादीचं विचारतोय बिचारा. पत्र लिहायला मुहूर्त काढायचाय का?"

"लिहितो."

"गणपतीतही हेच म्हणालात."

यादी कधीचीच तयार होती. तिचे रकाने दोन. 'पाणी' या रकान्यात पाठीवरचे दोन लिटर आणि सायकलीच्या दांडीवरची एक बाटली. 'सामान' या रकान्यात पंप, जादा ट्यूब, ठिगळं, नट आवळायचे पाने, आणि अगदी तळाशी 'पंक्चर शोधायला पाणी, एक बाटली'. करवंदीचा काटा बारीक असतो. ट्यूबवर पाणी ओतून बुडबुडा बघितल्याशिवाय भोक सापडत नाही, आणि एप्रिलात सड्यावर डबकं कुठलं मिळणार? कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या माणसाच्या हिशेबी ती बाटली संदर्भग्रंथासारखी होती. ती कुणाला द्यायची नसते.

गेल्या एप्रिलात वाटेतली विहीर कोरडी निघाली. उन्मेषने विचारलं, "भास्करराव, आणखी पाणी आहे?" ते "नाही" म्हणाले. थोड्याच वेळात उन्मेष कोसळला. भास्कररावांनी नळीतले उरलेले दोन घोट त्याच्या डोक्यावर पिळले. खालच्या वाडीतल्या माणसांनी त्याला टेम्पोत घातलं. चार दिवस तो दवाखान्यात होता. त्या संध्याकाळी घरी सामान सोडताना ती बाटली निघाली. काठोकाठ भरलेली.

विसरलो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सामानाच्या रकान्यात होती, म्हणून पाणी म्हणून आठवली नाही. नऊ महिने ते हेच घोकत होते, आणि दर वेळी ते थोडं कमी पटत होतं.

"जरा चक्कर मारून येतो," म्हणत त्यांनी सायकल बाहेर काढली.

दुपारपर्यंत ते तशीच सायकल दामटत राहिले. सड्यावर पोचले तेव्हा पाठीवरची पिशवी संपत येऊन नळी वाजायला लागली होती आणि दांडीवरची बाटलीही संपली होती. काळ्या कातळावर गवताचा भारा टेकवून एक म्हातारी बसली होती. खालच्या वाडीतली मथुरा.

"काय वो, कुटं चाललाव एवढं बोजं घेऊन? घोटभर पानी हाय काय?"

"नाही हो. संपलं."

शब्द सुटला आणि भास्कररावांना आपला उजवा हात दिसला. तो सायकलीमागच्या सामानाच्या पिशवीच्या झाकणावर घट्ट दाबून बसला होता. एप्रिलातही तो असाच बसला होता. आपण विसरलो नव्हतो. आधी जपायची म्हणून "नाही" म्हणालो, आणि उन्मेष पडल्यावर, एकदा "नाही" म्हटलेली बाटली बाहेर काढायची लाज वाटली. बस्स, एवढंच. लाज.

त्यांनी झाकण उघडून बाटली पुढे केली.

"मगाशी नाय म्हनलाव ना?"

"पंक्चरसाठी ठेवली होती."

"म्हंजे तुमच्या गाडीला पन तान लागते!" मथुरा खदखदून हसली आणि अर्धी बाटली गटागटा प्यायली.

घरी येऊन त्यांनी पायातले बूटही न काढता कागद ओढला. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: 'उन्मेष, माझ्याकडे एक भरलेली बाटली होती. मला ती आठवत होती. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो, आणि तू पडल्यावरही लाजेपायी ती काढली नाही. माझे आभार मानू नकोस. सोबत यादी आहे. तिच्यात आता एकच रकाना ठेवला आहे. जे जे पाणी सोबत असेल ते निघतानाच सगळ्यांना मोजून दाखवा.'

"वाचू का?" उमाताईंनी विचारलं.

"पत्र टाकून आल्यावर सांगतो सगळं. आत्ता नको, नाहीतर टाकायला जाणार नाही."

नाक्यावरच्या टपालपेटीशी ते दोनदा जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा पाकीट आत ढकललं. लगेच वाटलं, 'लाजेपायी' हा शब्द नको होता, सबबीसारखा वाटतो. त्यांनी फटीत हात घातला, पण बोटं दुसऱ्या पेरापर्यंतच आत गेली.