कोपऱ्यातले एकशे साडेचार अंश

साबण तिसऱ्यांदा लावला. वास हातावरच.

बुटांचं रिकामं खोकं, एका कोपऱ्यात फाटलेलं.

नव्वद. नव्वद. नव्वद. नव्वद.

मामानं डबा उघडला, आत पाहिलं, झाकण लावून टाकलं.

पांढरं, बारीक, वळवळणारं.

*

तर झालं असं. कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्या कारखान्यात एक चौकोनी नरसाळं बसवलं होतं. वर माणूस आडवा मावेल एवढं, खाली जेमतेम हात जाईल एवढं. बनवलं दादाच्या वर्कशॉपनं. चार महिन्यांत त्याला असा वास सुटला की कामगार नाकाला फडकी बांधून यायला लागले. आत कोण उतरणार? धाकटी. दादाची बहीण, वर्कशॉपमध्ये नकाशे तपासणारी. पण अंगानं काटकुळी, म्हणून घाणही तिच्याच वाट्याला.

खाद्य कोपऱ्यात अडकू नये म्हणून चारही कोपऱ्यांत वाकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या जोडल्या होत्या. तिनं पहिल्या पट्टीच्या कडेला खरवडणी घातली. बुजवणीचा रबरी थर जखमेवरच्या खपलीसारखा निघाला आणि मागून काळा, तेलकट चिखल तिच्या मनगटावर ओघळला. मासळीचा चुरा, चार महिन्यांचा. त्यात अळ्या. एक बाहीत शिरली.

तिला कोरडी ओकारी आली. मग ओली.

वरून दादाचा आवाज येत होता. सुपरवायझरशी बोलताना तो नेहमी मऊ व्हायचा, नासक्या केळ्यासारखा.

"काय सांगू साहेब, मामाची नजर गेली. सख्खा मामा, म्हणून इतके दिवस सांभाळला. पट्ट्या वाकड्या जोडल्यात त्यानं. उद्यापासून घरी बसवतो."

मामा तिथंच उभा होता, जेवणाचा डबा हातात धरून. तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस. 

आत, चिखलात गुडघे रोवून, धाकटीनं खिशातली कोनमापी काढली. आता वासाची शिसारी आणि त्या मऊ आवाजाची शिसारी, दोन्हींत फरक उरला नव्हता.

पट्टी नव्वद अंशांत वाकवलेली. तंतोतंत. नंतर पट्टी जिथं संपते तिथली कोपऱ्याची उघडी कड पुसून कोनमापी तिच्यावर टेकवली, दोन्ही पाय कडेशी काटकोनात.

एकशे साडेचार.

पट्टी कोपऱ्यात बसलीच नव्हती. दोन्ही बाजूंना बोटभर फट, वरून बुजवलेली. फटीमागे स्वयंपाकघर अळ्यांचं.

*

"मामाची पट्टी बरोबर आहे. कोनच चुकलाय," ती शिडीवरून म्हणाली.

"आधी अंघोळ कर. नरसाळं चौकोनी आहे, शहाणे! कोपरा नव्वदचाच असणार. मी स्वतः मापलाय, पाणसळ लावून, अगदी आडवा."

"तेच तर. कोनमापी आडवी धरलीस. आडवी धरली की चौकोनाचा कोन मिळतो, पत्र्यांमधला नाही."

"नाचता येईना…"

"अंगण तुझंच वाकडं, दादा."

सुपरवायझर फडक्याआड खोकला. की हसला.

तिनं खाली उतरून भिंतीलगत पडलेलं बुटांचं खोकं उचललं आणि एक कोपरा टर्रकन फाडला. "बाजू उभ्या, तेव्हा मधे नव्वद. बरोबर? आता बाहेर कलवते. बघा, फाटतंय, कोन उघडतोय. पार आडव्या पाडल्या तर सपाट, एकशेऐंशी. आपले पत्रे साठ अंशांनी उतरलेत. मग नव्वद कुठून राहतील?"

 तिच्या कोपरावरून एक थेंब दादाच्या बुटावर पडला. त्यानं पाय मागे घेतला.

"पट्टी बसत नाही, असं मी तेव्हाच म्हणालो होतो," मामा हळूच म्हणाला. "तू म्हणालास, दाबून बसव, फट बुजव."

दादा लालबुंद झाला. पिशवीतून पट्ट्यांचा नकाशा काढून त्यानं तिच्या नाकासमोर धरला. "फार अक्कल शिकवतेस! हे कुणाचं?"

चारही कोपऱ्यांवर त्याच्या अक्षरात नव्वद. खाली 'तपासलं'. त्याखाली तिची सही, छान वळणदार.

तीच शिसारी, आता स्वतःच्या सहीची. 

गप्प राहिली असती तर दादाही गप्प राहिला असता. डबा घेऊन मामा घरी गेला असता.

"माझं," ती म्हणाली. "साहेब, चूक दादाची आणि माझी. मामानं कागदावर होतं तेच केलं. नव्या पट्ट्या तोच वाकवेल. एकशे साडेचारला."

"तोच वाकवू दे," सुपरवायझर म्हणाला आणि बाहेर हवेला पळाला.

नळावर मामानं तिला साबण दिला. "पोरी, नीट धू." मग डबा उघडून बसला. त्यालाही खाववलं नाही.

*

पट्ट्यांचा नकाशा सहीला आला त्या दुपारी नरसाळं वर्कशॉपच्या अंगणातच उभं होतं आणि कोनमापी तिच्या टेबलावर होती. मापायला ती उठली नव्हती.