गेनूच्या कपाळामागून

मी कुणी मोठी असामी नाही. चाकणच्या गेनूच्या कपाळामागे बसलेली मेंदूची एक पेशी, डोळ्यांना दिसणारही नाही एवढी. पण वंश माझा फार जुना, बरं का. माझे पूर्वज माशांच्या डोक्यात होते. त्यांना कामं दोनच: चाव, नाहीतर पळ. पुढं माकडांपर्यंत येता येता आमचा गोतावळा वाढला आणि माणसाच्या कपाळामागे आम्हाला ऐसपैस जागा मिळाली. हात उचलण्याआधी मागचं आठवून बघायचं, हे आमचं काम. यालाच तुम्ही अक्कल म्हणता.

खोट एकच. ते जुने भाऊबंद खाली अजून ठाण मांडून आहेत, आणि आमच्यापेक्षा चपळ आहेत.

सन छप्पनचा पौष. गेनू आणि थोरला भाऊ कोंडीराम यांची विहीर एक, कांदा दोघांचा. मोट एक दिवस याची, एक दिवस त्याची. त्या सकाळी गेनू येतो तर कोंडीरामनं बैल जुंपलेले.

“आज पाळी माझी हाय, दादा.”

“काल अवस व्हती. अवसंला बैल कोण जुंपतं? माझी बुडाली, ती आज.”

“माझा कांदा वाळतोय.”

“मग माझा काय नाचतोय व्हय?” कोंडीराम हसला.

ते हसणं गेनूला झोंबलं. त्यानं भावाला ढकललं. कोंडीरामनं आसुडाची काठी त्याच्या कपाळावर हाणली. माझ्या शेजारच्या कितीतरी जणी जागच्या जागी मेल्या. गेनूच्या डोळ्यांत रक्त उतरलं. खालचे जुने एकच ओरडत होते, मार, मार. मी म्हणत होते, थांब मेल्या, आठवू दे. विहिरीजवळ पडलेली कुऱ्हाड गेनूच्या हाती आली. पहिला घाव खांद्यावर बसला. कोंडीराम गुडघ्यांवर आला, त्यानं हात आडवा धरला. दुसऱ्या घावानं कवटी फुटली.

आणि मग मला आठवलं. मागल्या अवसेला गेनूची पाळी बुडाली होती. दुसऱ्या दिवशी दादानं स्वतःचे जुंपलेले बैल सोडले होते. “लाव तुझी मोट,” म्हणाला होता.

गेनू मटकन खाली बसला. पागोटं सोडून भावाचं डोकं बांधायला लागला. “दादा, पाळी तुझीच हाय. ऊठ, बैल हाक.” कोंडीराम उठला नाही.

आता आम्ही तुरुंगात आहोत. कातडी फाटली तर नवी येते; आमच्यातली एक मेली, की तिच्या जागी दुसरी येत नाही. गेनू भिंतीवर कपाळ आपटतो. हळू रे बाबा. दादानं बैल सोडले होते, हे जपून ठेवणारी आता मी एकटीच उरले आहे.